लांबची वाट, लवकरचा मुक्काम

अंतरास वेगाने भागिले असता वेळ निघतो, हे सूत्र आम्ही विद्यार्थी प्राथमिक शाळेपासून घोकीत आलो आहोत. त्यावरून आमची सहजच अशी समजूत होते की, वाट जितकी लांब तितका प्रवासास वेळ अधिक. या समजुतीस धक्का देणारी एक घटना २०१६ साली घडली. तिचा विचार आपण येथे करू.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही ती दोन शहरे. पृथ्वीच्या गोलावर या दोहोंमध्ये सूत ताणून धरले, तर ते सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवसागरावरून जाते. हीच सर्वांत जवळची वाट. तिची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. परंतु एअर इंडियाचे विमान त्या काळी पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये या विमानाने उलट दिशा धरली व पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून ते गेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक. तरीही प्रवास साडेचौदा तासांत संपला आणि जवळजवळ दोन तास वाचले!

मग आमचे सूत्र खोटे ठरले काय? मुळीच नाही. नदीत प्रवाहाबरोबर जाणारी नाव व प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव यांची उदाहरणे आम्ही सोडविली आहेत. विमानाचेही तसेच आहे. जमिनीपासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. विषुववृत्ताकडील उष्ण हवा व ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन, ही त्यांची कारणे होत. जपानी शास्त्रज्ञ ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते.

आता भागाकार करून पाहू. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. जुन्या मार्गास साडेसोळा तास धरले, तर १३,९०० भागिले १६.५ म्हणजे ताशी सुमारे ८४२. सूत्र तेच, एका वाटेवर वारा पाठीशी होता, दुसऱ्या वाटेवर तो समोरून येत होता. नुसते अंतर पाहून वेळ ठरविण्यात आमची चूक झाली.

अशीच फसगत घड्याळही करते. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असते. समजा, विमान दिल्लीहून रविवारी पहाटे चार वाजता निघाले. साडेचौदा तासांनी ते उतरेल, तेव्हा तेथे त्याच रविवारचे सकाळचे सहा वाजलेले असतील. कागदावर प्रवास दोनच तासांचा! म्हणून वेळापत्रक वाचताना दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात बदलून घ्याव्या व मगच वजाबाकी करावी.

वाचक मित्रहो, आता एक प्रश्न तुमच्यासाठी. वाऱ्याचे साहाय्य पुन्हा हवे असेल, तर त्या विमानाने दिल्लीस परत येताना कोणता महासागर ओलांडावा? शाळेतील पृथ्वीचा गोल व हातभर सूत घेऊन उत्तर शोधा.