अर्धस्वयंचलित बंदुकीचा धक्का आणि भरवसा

प्रश्न : अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी वायुचलित शॉटगन बरी की जडत्वावर चालणारी?

उत्तर : वायुचलित रचनेत दारूच्या ज्वलनातून निघालेल्या वायूचा काही अंश नळीतील छिद्रातून दट्ट्याकडे वळतो आणि त्याच्या जोरावर पुढचे काडतूस भरले जात असल्याने धक्का अधिक काळ विभागून खांद्याला सौम्य लागतो, १९६३मध्ये आलेली रेमिंग्टन ११०० ही वायुचलित शॉटगन याच गुणासाठी नावाजली गेली, मात्र काजळी साफ न केल्यास अशी बंदूक अडते. बेनेली कंपनीच्या जडत्वरचनेत बंदूक मागे सरकताना जड बोल्ट क्षणभर जागीच राहतो, त्याने स्प्रिंग दाबली जाते व तिच्या जोराने यंत्रणा चालते. वायू यंत्रणेकडे वळत नसल्याने ही बंदूक स्वच्छ राहते, पण धक्का अधिक तीव्र जाणवतो आणि हलक्या काडतुसांवर ती अडखळू शकते. दलदलीत, जिथे बंदूक अडल्याने जखमी पक्षी तडफडत राहणे अक्षम्यच, तिथे जडत्वरचना श्रेयस्कर ठरते.