टिलवा की सँडरलिंग?

हिवाळ्यात माजलगाव धरणाच्या काठच्या चिखलात छोटे टिलवे टिपताना दिसतात. समजा, त्यांच्यात एक फिकट, काळ्या पायांचा पक्षी तुम्हाला थोराड वाटला. टिलवा सुमारे १४ सें.मी. लांब, तर सँडरलिंग सुमारे २० सें.मी. सँडरलिंग हा समुद्रकाठच्या वाळूवरचा पाहुणा. तो बीडमध्ये दिसला तर मोठीच बातमी! म्हणूनच पुरावा हवा.

एकट्या पक्ष्याचा आकार नजरेने ठरवू नका. ३० मीटरवरचा १४ सें.मी.चा आणि ६० मीटरवरचा २८ सें.मी.चा पक्षी डोळ्याशी सारखाच कोन करतात. दुर्बिणीनेही हा घोटाळा सुटत नाही, कारण ती दोन्ही कोन सारख्याच पटीने वाढवते. तेव्हा तितक्याच अंतरावर ओळखीचा पक्षी येईपर्यंत थांबा. शेपटी खालीवर हलवणारा तुतवार सुमारे २० सें.मी.चा असतो, दोघे बरोबरीचे दिसले, तर टिलवा बाद. मग पाय पाहा. सँडरलिंगला मागचे बोट नसते. (चिखलातल्या ठशांवर मात्र विसंबू नये, टिलव्याचे इवलेसे मागचे बोट उमटेलच असे नाही.)

तारीख, वेळ, सूर्याची दिशा, अंदाजे अंतर आणि शेजारी कोणता पक्षी होता हे जागेवरच लिहा, तेही पक्ष्यांचे पुस्तक उघडण्यापूर्वी. छायाचित्र घ्याल तर त्यात तुतवारही येऊ द्या.