यंत्राचा निरोप

पुण्याच्या नारायण पेठेतील एका घरी लॅपटॉपवर विंडोज प्रणालीचे नवे अपडेट काही केल्या बसेना. बरेचसे काम होई, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि बदल मागे घेत असल्याची सूचना पडद्यावर उमटे. असे तीनदा घडले. दादाचा धीर सुटला. तो म्हणाला, "यातले सारे पुसून टाकू आणि प्रणाली नव्याने बसवू."

हे ऐकून सहावीत शिकणारी धाकटी बहीण कासावीस झाली. दिवंगत आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण त्याच लॅपटॉपमध्ये होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

तेवढ्यात आत्या आली. ती महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवीत असे. ती म्हणाली, "अरे, ही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रोग न ओळखता औषध कसले देतोस? आधी ओव्यांची प्रत काढ."

ओव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. त्यांतील एक लावून ऐकली आणि मगच पुढील काम सुरू झाले.

"पण आत्या, जुनी प्रणाली चालते आहे, मग अपडेट हवेच कशाला?" बहिणीने विचारले.

"घराच्या भिंतीला फट पडली, तर ती बुजवावी लागते ना? प्रणालीतही अशा फटी आढळतात. त्यांतून चोर शिरू नये, म्हणून अपडेट. आणि यंत्र बदल मागे घेते, तो त्याचा हट्ट नव्हे. नवे नीट बसले नाही, तर ते जुने होते तसे परत ठेवते. म्हणून तर लॅपटॉप अजून चालतो आहे! आता पडद्यावरचा क्रमांक वहीत लिही."

क्रमांक होता ८००७००७०. त्याचा अर्थ, साठवणीची जागा अपुरी आहे. अपडेटचे गाठोडे दाबून बांधलेले असते. ते उलगडण्यास जागा लागते, आणि नवे स्थिर होईपर्यंत जुनेही जपावे लागते. दादाने साठवलेले चित्रपट काढून टाकले व पुन्हा प्रयत्न केला. तोही फसला.

"पुन्हा तेच!" दादा वैतागला.

बहिणीने वहीत पाहिले. "दादा, तेच नव्हे. आता क्रमांक ८००७०५७० आहे."

आत्याचा चेहरा उजळला. "शाबास! पहिला दोष गेला, हा दुसरा. याचा अर्थ, फाइल खराब झाली आहे. उतरवून घेताना गाठोडे बिघडले असावे आणि यंत्र दर वेळी तेच उघडू पाहत असावे."

आत्याच्या देखरेखीखाली ते खराब गाठोडे काढून नवे उतरविले. रात्री अपडेट सुखरूप बसले.

आत्या म्हणाली, "९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात एक पाखरू अडकलेले सापडले. तेथील लोकांनी ते नोंदवहीत चिकटवून ठेवले. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. दोष शोधणाऱ्याला वही हवीच."

दादाने ती वही लॅपटॉपशेजारी ठेवली. तेच ते पुन्हा करणे म्हणजे चिकाटी नव्हे. प्रत्येक अपयशाने काय सांगितले, ते ऐकून पुढचे पाऊल टाकणे ही खरी चिकाटी होय.

स्वाध्याय
१. आत्याने सर्वांत आधी कोणते काम करावयास सांगितले? का?
२. दुसरे अपयश पहिल्यासारखेच नव्हते, हे कशावरून कळले?
३. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' या म्हणीचा अर्थ सांगून ती स्वतःच्या वाक्यात योजा.