वसंताचे सण आणि कडू घास

फाल्गुन आला की पळस फुलतो आणि सणांची रांग लागते. आधी होळी, मग धुळवड. याच दिवसांत नांदेडला सचखंड गुरुद्वारातून हल्लाबोलची मिरवणूक निघते. होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा येतो. २१ मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात. थंडी संपते, रबीचे धान्य घरात येते. म्हणून जगातील पुष्कळ लोक या काळात सण करतात. काहींचे तर नवे वर्षच सुरू होते.

पाडव्याला आपण गुढीला लिंबाचा डहाळा व गाठी बांधतो आणि लिंबाचा कोवळा पाला गुळासोबत खातो. मी दरवर्षी गूळ खायचो अन् पाला थुंकून टाकायचो. माय म्हणायची, "गिळ रे, वरीसभर गोडच कुठं असतंय?" मी गुरुजींना विचारले, "असे कडू फक्त आपणच खातो का?" गुरुजींनी पुस्तके दिली. त्यातून कळले ते असे :

(१) उगादी – आपल्या जिल्ह्याला लागून तेलंगणा आहे. तिकडे पाडव्याच्याच दिवशी उगादी असते. लिंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मीठ व तिखट मिळून 'पचडी' करतात. एका वाटीत सहा चवी!

(२) नवरोज – इराणमध्ये २१ मार्चच्या सुमारास नवे वर्ष लागते. 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात. त्यात सफरचंद असते, तसा आंबट सिरका आणि लसूणही असतो. २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी २१ मार्च हा आंतरराष्ट्रीय नवरोज दिन ठरवला.

(३) वल्हांडण – हा यहुदी लोकांचा सण वसंतातल्या पौर्णिमेला येतो. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोकही तो पाळतात. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, तेथून ते सुटले. गुलामीची आठवण म्हणून त्या रात्री कडू पाला खातात.

हे वाचून मला आमचे घर आठवले. माझे बाबा सालगडी आहेत. सालगड्याचे वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असते. त्या दिवशी जुना हिशोब होतो आणि नवे साल ठरते. ताईच्या लग्नात बाबांनी मालकाकडून उचल घेतली होती. ती यंदा फिटली की दुसऱ्या गावी जास्तीचे साल धरायचे, असे घरात चालले होते. म्हणजे माझी शाळा सुटणार होती.

पाडव्याला गुढी उभारून बाबा हिशोबाला गेले. दुपारी परत आले. उचल थोडी राहिलीच होती. त्यांनी लिंबाचा पाला तोंडात टाकला आणि एवढेच म्हणाले, "अजून एक साल."

शाळा सुटणार नाही म्हणून मला आनंद झाला. बाबांचे तोंड पाहून वाईटही वाटले. यंदा मी पाला थुंकला नाही. गुळासोबत चावून चावून खाल्ला.

मित्रांनो, आणि भिंतीपुढे उभे राहून वाचणाऱ्या आई-वडिलांनो, तुमच्या घरी पाडव्याला काय खातात? मला जरूर सांगा. पुढच्या अंकात लिहीन.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, मुदखेड