जुना संगणक व त्याची हरवणारी नोंद

जुना संगणक सुरू करावा, पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' अशी सूचना उमटावी, तारीख १ जानेवारी १९८० दिसावी आणि यंत्राने आपलीच हार्ड डिस्क ओळखू नये, असा प्रसंग घरी किंवा शाळेत पुष्कळांवर येतो. डिस्क निकामी झाली असे समजून ती फॉरमॅट करण्याची, अथवा यंत्रच भंगारात देण्याची घाई अशा वेळी होते. वस्तुतः डिस्कवरील मजकूर बहुधा जसाच्या तसा असतो. हरवलेली असते ती यंत्राची स्वतःविषयीची नोंद.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह किती, स्मृती किती, हे मदरबोर्डवरील बारीक खटक्यांनी ठरवावे लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये हे काम बव्हंशी मोटोरोलाच्या एका चिपकडे आले. तीत घड्याळ व ६४ बाइटची स्मृती एकत्र होती. १४ बाइट घड्याळाकडे, उरलेले ५० नोंदींसाठी. सीमॉस पद्धतीच्या या स्मृतीस वीज अत्यल्प लागते, परंतु ती अखंड लागते, आणि यंत्र बंद असताना ती एका सेलकडूनच मिळते. नोंदींची बेरीजही तेथेच लिहिलेली असते. सेल क्षीण झाला की नोंदी बिघडतात, आणि खतावणीप्रमाणे बेरीज जुळेनाशी होते.

रात्रभर वीजपुरवठा तोडल्यावरच नोंदी जात असतील, तर दोष बहुधा सेलचा समजावा. वीज चालू असतानाही त्या जात असतील, तर नोंदी पुसणारा जंपर चुकीच्या जागी आहे काय, हे आधी पाहावे.

बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो. वायर काढून, यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून तो बदलावा. काम काही मिनिटांचे आहे. काही जुन्या यंत्रांत मात्र ३.६ व्होल्टची, झाळलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती पाझरली की तिच्यातील क्षार मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषा खातो, म्हणून न वापरलेल्या यंत्रातूनही ती काढून टाकणेच श्रेयस्कर. तिच्या जागी साधा लिथियम सेल थेट जोडू नये. तेथील मंडल त्यास चार्ज करू पाहते, आणि ते धोक्याचे आहे. डॅलस कंपनीच्या काही चिपमध्ये सेल आतच बंदिस्त असल्याने चिपच बदलावी लागते.

खरी जोखीम पुढे आहे. जुन्या यंत्रांत डिस्कचे सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागतात. ते पुष्कळदा डिस्कवरील चिठ्ठीवर छापलेले असतात. चुकीचे आकडे भरून डिस्कवर काही लिहिले, तर सुरक्षित असलेला मजकूर खरोखरच नष्ट होऊ शकतो. म्हणून प्रथम केवळ वाचून पाहावे, आवश्यक मजकुराची प्रत अन्यत्र घ्यावी. यंत्र ठीक असतानाच हे आकडे कागदावर उतरवून पेटीच्या आत चिकटविलेले असल्यास फारच उत्तम.

जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. शेवटी तारीख व वेळ दुरुस्त करावी, अन्यथा नव्या फायलींवर चुकीच्या तारखा पडतात आणि इंटरनेटवरील सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.