स्मृतिभ्रंशातील अस्वस्थता : फिरणे आणि वनस्पती

१९०६ साली जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनी ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात स्मरणशक्ती जाते एवढेच सर्वसाधारणपणे ठाऊक असते. घरच्या मंडळींना खरे थकविते ती रुग्णाची भीती व घालमेल. दिवेलागणीस ती पुष्कळदा वाढते. स्वतःच्याच घरात बसलेले आजोबा “घरी जाऊ या” म्हणत उंबरठ्याकडे निघतात. अशा वेळी वाद घालू नये. हात धरून अंगणात चार फेऱ्या माराव्यात.

व्यायामाने हा रोग बरा होत नाही. परंतु नियमित चालण्याने झोप व अंगातील बळ टिकण्यास मदत होते, आणि काही रुग्णांची उलघालही कमी होते. वेळ, वाट व सोबती शक्यतो तेच असावेत. धारवाडच्या सुभाष रोडसारख्या बाजारपेठेत राहणाऱ्यांनी दुकाने उघडण्यापूर्वीच फिरून यावे. सायंकाळची गर्दी व भोंगे यांनी रुग्ण अधिकच बावरतो. आरंभी दहा मिनिटे पुरेत. तोल जात असल्यास खुर्चीत बसवून हातपाय हलवून घ्यावेत. अस्वस्थता एकाएकी वाढली, तर मात्र दुखणे, बद्धकोष्ठ किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.

वनस्पतींविषयी अधिक सावधगिरी हवी. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जातात : गोल पानांची मंडूकपर्णी, जिला कानडीत ओंदेलग म्हणतात, आणि लहान, मांसल पानांची नीरब्राह्मी. पानांची चटणी हा आहार झाला. अर्काची गोळी हे औषध होय. आल्झायमरच्या रुग्णाची भीती या वनस्पतींनी कमी होते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. अश्वगंधेने गुंगी येऊ शकते, क्वचित यकृतासही अपाय झालेला आहे. गिंको वृक्षाच्या अर्काची अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ व्यक्तींवर चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर हा अर्क घेतल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. वनस्पतीपासून उपयुक्त औषध मिळतच नाही, असे नव्हे. गॅलॅन्टामाइन हे स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातून आले. पण ते मोजक्या मात्रेत, वैद्यकीय देखरेखीखाली, आणि मुख्यतः स्मृतीसाठी दिले जाते.

धारवाडात १८४५ साली स्थापन झालेल्या मनोरुग्णालयाची आज ‘डिम्हान्स’ ही संस्था झाली आहे. तेथे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जाताना चालू गोळ्यांबरोबर घरातील चूर्णे, काढे व अर्कांच्या बाटल्याही एका पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.