आरोग्यपाठ : पिशवी काढलेल्या भगिनीलाही सव्वा महिना



पाड्यावर कोणाचे सिझर झाले की बातमी लगेच पसरते. बाळ पाहायला बाया येतात, कोणी कोंबडी आणते, कोणी उडदाची डाळ, पाळक साहेब प्रार्थनेला येऊन जातात. सव्वा महिना तिला हंडा उचलू देत नाहीत. त्याच पाड्यावर दुसऱ्या एखाद्या भगिनीची गर्भाशयाची पिशवी काढली, तर ती बातमी दबक्या आवाजात फिरते. दाखवायला बाळ नसते. टाके निघाले की लोक म्हणतात, झाली बरी. मग दहाव्या-बाराव्या दिवशी ती चुलीपुढे बसते आणि पुढच्या आठवड्यात मोळी आणायला रानात जाते. या अंकाचा पाठ तिच्यासाठी आहे. भगिनी मंडळात तो वाचून दाखवावा, आणि जमल्यास पुरुषांच्या सभेतही, कारण पाणी कोणी भरायचे हे शेवटी घरातच ठरते.

दोन्ही ऑपरेशनांत पोटावरची खूण कधी कधी अगदी सारखी असते, पण आत फार फरक असतो. सिझरमध्ये पोट आणि पिशवी कापून बाळ काढतात व पिशवी पुन्हा शिवतात. ती जागेवरच राहते आणि साधारण सहा आठवड्यांत आकसून पूर्वीसारखी होते. बाळाला पाजताना पोटात कळ येते ती या आकसण्याची. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये मात्र पिशवी, बहुतेक वेळा तिच्या तोंडासह, काढून टाकतात. तिला धरून ठेवणारे बंध आणि रक्तवाहिन्या बांधून कापाव्या लागतात, आणि योनिमार्गाचे वरचे टोक टाके घालून बंद करावे लागते. पुढे लघवीची पिशवी, मागे शौचाचा मार्ग, अशा अडचणीच्या जागी हे टाके असतात आणि ते कोणाला दिसत नाहीत. अंग बाहेर येते म्हणून खालून ऑपरेशन केले असेल तर पोटावर एकही खूण नसते. दुर्बिणीने केले असेल तर तीन-चार बारीक खुणा. अशा बाईला घरचे लोक आजारी मानायलाच तयार नसतात. ती लवकर हिंडू-फिरू लागते हे खरे, पण आतले टाके भरायला तेवढेच आठवडे लागतात.

शिवाय दोघी ऑपरेशनला जातात त्या वेगवेगळ्या अवस्थेत. बाळंतीण बहुधा तरुण असते. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढलेले असते, आशाताईने नाव नोंदवलेले असते, लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असतात. पिशवी काढायला आलेली भगिनी अनेकदा महिनोन्महिने अंगावरून जाऊन थकलेली, पांढरी पडलेली असते. आपल्या भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत सिकलसेलही आढळतो. सिकलसेल असलेल्या बाईने ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. नंतरही तिने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, कारण तिच्या रक्तात गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो.

सरकारी मदतीतही हा फरक दिसतो. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील स्तनदा मातेला सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. या योजना चांगल्याच आहेत. आपल्या बहिणींना त्या मिळतात की नाही हे पाहत जावे. पण पिशवी काढलेल्या बाईसाठी अंगणवाडीत ताट नसते. म्हणजे तिचे ताट कोणीतरी दुसऱ्याने वाढायचे आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय या ठिकाणी उघडून वाचावा. बारा वर्षे रक्तस्राव होणारी ती स्त्री सर्व पैसा वैद्यांवर घालवून बसली होती आणि तिचे दुखणे वाढलेच होते. तिची गोष्ट याईराच्या बारा वर्षांच्या मुलीच्या गोष्टीच्या मधोमध सांगितली आहे. घाईच्या वाटेवर प्रभू तिच्यासाठी थांबला, तिला गर्दीतून पुढे बोलावले आणि मुलगी म्हणून हाक मारली. नंतर याईराची मुलगी उठल्यावर त्याने तिला खायला द्यायला सांगितले. उठून बसलेल्या माणसाला जेवण लागते, हे त्या क्षणीही तो विसरला नाही.

आता व्यवहाराचे. सिझर झालेल्या बाईला डॉक्टर सांगतात, बाळापेक्षा जड काही उचलू नको. हे माप लक्षात राहायला सोपे आहे. पिशवी काढलेल्या बाईकडे बाळ नसते म्हणून तिला आकडाच सांगावा : सहा आठवडे तीन-चार किलोंच्या वर काही नाही. भरलेला हंडा पंधरा किलोंच्या आसपास जातो, मोळी त्याहून जड. हापसा मारणे, जात्यावर दळणे, वाकून भात लावणे हेही त्यातच धरावे. पण विश्रांती म्हणजे दिवसभर खाटेवर पडून राहणे नव्हे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालायला हवे, दोघींनीही. नाहीतर पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. खोकताना, शिंकताना पोटावर उशी किंवा घडी केलेले लुगडे दाबून धरावे, टाक्यांना आधार मिळतो.

भात आणि डाळीने टाके पिकतात, पाणी जास्त प्यायले की जखम ओली राहते, असे आपल्याकडे अजून सांगतात. टाके पिकतात ते जंतूंमुळे, अस्वच्छ हाताने आणि ओल्या कापडाने. डाळ, अंडी, सुकी मासळी, मटण यांतून तर जखम भरायला लागणारी ताकद मिळते. नाचणी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी घरातच असते. पाणी कमी प्यायले की शौचाला कडक होते, आणि कुंथण्याने आतल्या टाक्यांवर ताण येतो. डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठीच असतात असा काही नियम नाही!

बाळंतिणीला चार ते सहा आठवडे अंगावरून जाते, आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट. पिशवी काढल्यावरही काही आठवडे थोडा तपकिरी स्राव येऊ शकतो. परंतु पाळीसारखे लालभडक रक्त गेले, घाण वास आला, ताप चढला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर दोघींनाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पिशवीच्या ऑपरेशनबाबत आणखी एक खूण आहे आणि ती लाजेमुळे लपवली जाते. एक-दोन आठवड्यांनी नकळत लघवी गळू लागली तर लघवीच्या पिशवीला इजा झालेली असू शकते. यावर उपचार आहेत. अशा कितीतरी बाया कपडा बांधून वर्षे काढतात, देवळात मागच्या बाकावर बसतात आणि पुढे येणे बंद करतात.

शरीरसंबंधाबद्दल स्पष्ट लिहिणे बरे. सिझरनंतर सहा आठवडे आणि पिशवी काढल्यावर सहा ते आठ आठवडे, म्हणजे डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत, पतीने दूर राहावे. पिशवी काढल्यावर घाई केली तर आतले टाके उसवू शकतात. हे पतीला डॉक्टरांनी किंवा मंडळीतील वडील माणसाने सांगावे. तिच्यावर सोडू नये.

सिझर झालेल्या मातेने पुढचे बाळंतपण दवाखान्यातच करायचे, कारण शिवलेली पिशवी कळांमध्ये फाटू शकते. पिशवी काढलेल्या बाईला ही चिंता नाही, पण तिच्या अंडाशयांचे काय झाले हे विचारून ठेवावे. तीही काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयाचे त्रास एकदम सुरू होतात : अंगातून वाफा, झोप न येणे, रडू येणे, आणि पुढे हाडे ठिसूळ होणे. अंडाशये ठेवली तरी हे त्रास काहींना लवकर येतात. आता ती बाई राहिली नाही, असे कोणी बोलले तर भगिनींनी तिथेच थांबवावे.

आणि हे ऑपरेशन खरेच हवे होते का? गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर, अंग बाहेर येणे, यांत ते जीव वाचवते किंवा सुख देते. पण नुसते पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची नसते. कॅन्सर होईल अशी भीती घातली तर तपासणी मागावी. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचे २०१९ साली विधिमंडळात गाजले. त्या जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी दवाखान्यांत अशी ४,६०५ ऑपरेशने झाल्याचे सरकारनेच सांगितले होते. आपल्या भागातूनही दिवाळीनंतर कोयते ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, म्हणून पाचट उचलायला बाई महिन्याच्या आत फडात उभी राहते. तारीख आपल्या हातात असेल तर ऑपरेशन तोडीच्या तोंडावर करू नये.

मंडळीने काय करावे? सहा आठवड्यांचे पाणी आणि सरपण वाटून घ्यावे, तरुण संघाची मुले हे सहज करू शकतात. आठवड्यातून दोनदा तरी डब्यात डाळ-अंडी पोहोचवावीत. तिची परवानगी नसेल तर प्रार्थनेत तिच्या दुखण्याचे नाव घेऊ नये. भगिनी म्हणून नाव घेतले तरी पुरे. ज्यांना पैशाने हातभार लावायचा आहे त्यांनी सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी डोळ्यांपुढे ठेवावी. औषधांचा खर्च लोक भरतात, मजुरीचा विचार कोणी करत नाही. तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर एका सेविकेने जावे. काढलेली पिशवी प्रयोगशाळेत तपासली असेल तर तो रिपोर्ट मागून घ्यावा, तिला वाचून दाखवावा आणि बाकीच्या कागदांसह प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात उंचावर ठेवायला सांगावे.